तारेखालची बांधी

"उतर जी खाली. तुझ्यासंग बोलाचं हाये."

मी पोलावर होतो. कमरेला पट्टा, हातात पक्कड, दातांत बांधायच्या तारेचा तुकडा. खाली पाहिलं तर साठीच्या पुढची एक बाई, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली, कमरेवर हात ठेवून वर बघत उभी.

"दहा मिनिटं थांबा मावशी. एवढा तारेचा जोड बांधतो आणि येतो."

"बांध. मी हाये इथीच."

खरंच ती तिथून हलली नाही. मी उतरून पट्टा सोडला तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहून घेतलं.

"तूच शिर्तोडे नं?"

"हो. हणमंत शिर्तोडे."

"मी सकवारबाई दिघोरे, चिंचटोल्याची. बोडीच्या काठाले आमची बांधी हाये. तुझी लाइन आमच्या बांधीवरून जाते."

मी मूळचा माणदेशातला. आमच्याकडं पाणी बघायचं तर विहिरीत वाकावं लागतं. गोंदियाकडं नोकरी लागली आणि तीन वर्षं मी पाण्यातच राहायला आल्यासारखा झालो होतो. जिकडं बघावं तिकडं बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि त्यांच्या पोटाशी धानाची खाचरं. त्या खाचरांना तिकडं बांधी म्हणतात.

"मग, तक्रार काय आहे मावशी?"

"सारसाचं पिल्लू हाये आमच्या बांधीत. पंधरा दिवसांत उडन. तेवढी तार काढ."

मला हसू आलं. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून ते मी गिळलं.

"तार कशी काढणार? अकरा केव्हीची लाइन आहे ती. चार गावांचे पंप चालतात तिच्यावर."

"मंग वर उचल."

"उचलायला उंच पोल लागतात. ते वरून मंजूर व्हावे लागतात."

"मंग का कराचं ते तू सांग. लाइनवाला तू हायेस का मी?"

"तुम्ही अर्ज द्या. मी साहेबांकडं पोचवतो."

"मले लिहिता येत नाई. तूच लिही."

मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून मी अर्ज लिहिला. चिंचटोला येथील बोडीजवळ विजेची तार खाली आलेली असून सारस पक्ष्यांना धोका आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. तिनं डावा अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी मीच लिहिलेला तो अर्ज मीच आवक रजिस्टरला चढवला आणि मीच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

आमचे बोरकुटे साहेब तेव्हा चाळिशीचे असतील. बोलायला तिखट, पण मनानं सरळ. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"तार खरंच खाली आहे का?"

"बघून सांगतो, साहेब."

"बघून सांग म्हणजे? हा अर्ज कोणी लिहिला? अक्षर तर तुझंच दिसतंय."

 त्या दिवशी संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर चिंचटोल्याला गेलो.

सकवारबाईचा नवरा डोमाजी बांधावर जाळं दुरुस्त करत बसला होता. धिवर, म्हणजे तिकडचा मासेमार माणूस, अर्धं आयुष्य बोडीत आणि अर्धं बांधीत गेलेलं. त्यानं बोटानं दाखवलं.

धान कापून झालं होतं. खुंटांमध्ये वीतभर पाणी अजून साचलेलं, आणि त्या पाण्यात तीन पक्षी होते. पक्षी म्हणायलाही जीभ अडखळावी एवढे मोठे. दोघं तर उभ्या माणसाच्या खांद्याला लागतील असे. राखाडी अंग, काठीसारखे गुलाबी पाय, आणि डोक्यापासून अर्ध्या मानेपर्यंत कुंकू फासल्यासारखा लाल रंग. तिसरा त्यांच्याहून थोडा ठेंगणा, मान दालचिनीच्या रंगाची. ते पिल्लू. आईबाप एकेक पाय मोजून टाकत होते आणि ते मधूनमधून पळत त्यांना गाठत होतं.

"नर कोणता?" मी विचारलं.

"थोडा मोठा हाये नं, तो," डोमाजी म्हणाला. "पन खरं कळते ते ओरडतात तवा. नर एकदा बोंबलते, मादी मंग दोनदा-तीनदा. दोघं मिळून एकच आवाज. कोसभर जाते."

"तुमच्या धानाची नासाडी करत नाहीत?"

"करतात नं. धानाचे कोवळे पऱ्हे उपटतात, घरटं बांधतात." तो हसला. "आषाढात एवढा मोठा ढीग घातला मधोमध. धानाच्या काड्या, गवत, लव्हाळं. त्याच्यावर दोन अंडे. मंग लागला पानी. चार दिवस थांबलाच नाई. बांधी भरून वाहाले लागली. आमाले वाटलं, गेले अंडे."

"मग?"

"मंग का? दोघंही बसले कामाले. एक अंड्यांवर बसे, दुसरा काड्या आणून खाली दाबे. जसं पानी चढे तसं घरटं चढे. दोन दिवस दोन राती. आमच्या अर्ध्या बांधीचं धान उपटलं त्याईनं, पन अंडे भिजू देल्ले नाई. एक अंडं तसंच राह्यलं, फुटलं नाई. एक हे."

पिल्लानं तेवढ्यात पंख पसरले आणि जागच्या जागी दोनदा उडी मारली. पाणी उडालं. बाप लगेच त्याच्याजवळ गेला आणि त्यानंही पंख उघडून एक उडी घेतली, जणू असं कर म्हणून सांगत होता. मग आईनं मान खाली-वर केली, एक काडी चोचीत धरून वर फेकली. तिघंही नाचायला लागले. मी हातातली किल्ली धरून कितीतरी वेळ तसाच उभा होतो.

"आता तार पाह्य," मागून आवाज आला. सकवारबाई कधी येऊन उभी राहिली कळलंही नव्हतं.

मी तार पाहिली. दोन पोलांच्या मध्ये ती पार झोळीसारखी लोंबत होती. बोडीच्या काठाला अगदी समांतर, बांधीच्या आणि पाण्याच्या मध्ये.

"हे जड पाखरू हाये," ती म्हणाली. "कावळ्यासारखं फडकन उडत नाई. पंधरा-वीस पावलं पळते, मंग उचलते, मंग हळूहळू वर जाते. मोठ्याईले तार माहीत हाये, ते वळून जातात. पिल्लाले का माहीत? त्यात आता धुकं पडाले लागलं. धुक्यात तुले तरी दिसते का तार?"

"यापूर्वी असं झालंय का कधी?"

ती बोडीकडं बघत राहिली. "दोन वर्षं झाली," एवढंच म्हणाली आणि घराकडं निघाली.

दुसऱ्या दिवशी मी बोरकुटे साहेबांना सांगितलं की तार खाली आहे, आणि ती ताणून वर घेण्याचं काम पुढच्या दुरुस्तीच्या यादीत घालायला हवं.

"पुढची यादी एप्रिलात. आणि पिल्लू?"

"पिल्लू पंधरा दिवसांत उडेल म्हणतात."

साहेब हसले. "म्हणजे पिल्लू एप्रिलपर्यंत थांबायला तयार नाही."

"तारेवर काहीतरी दिसेल असं लटकवलं तर? पिवळं, पांढरं. प्लास्टिकचं, हलकं. लांबून चमकेल असं."

"लाइनवर परवानगीशिवाय काही लावता येत नाही, शिर्तोडे."

"हो साहेब."

त्यांनी थोडा वेळ कागद चाळले. "चिंचटोल्याकडं झाडाच्या फांद्या लागतात ना तारेला?"

"एक-दोन बाभळी आहेत."

"मग गुरुवारी दहा ते दोन शटडाऊन घे. फांद्या छाट. मी खाली उभा राहीन. मला वरचं आता तसं नीट दिसत नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय."

गुरुवारपर्यंत चार दिवस होते. सकवारबाईनं गावातल्या बायकांना गोळा केलं. तेलाचे पिवळे डबे, पाण्याचे पांढरे कॅन, जे सापडेल ते आलं. विळ्यानं आणि कात्रीनं कापून त्यांनी ताटाएवढ्या चकत्या केल्या, साठ-पासष्ट. एकीनं विचारलं, "हे सारं कशाले?" तर सकवारबाई म्हणाली, "सारसाच्या बारशाले." बायका हसत हसत कापत राहिल्या. डोमाजीनं बांबूची एक उंच घोडी बांधली, चार पायांची, कुठंही उचलून ठेवता येईल अशी.

गुरुवारी लाइन बंद केली, डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीला जोडली, म्हणजे अर्थिंग केलं, आणि मी घोडीवर चढलो. खाली आठ माणसं घोडी धरून. दर सात-आठ पावलांवर एक चकती, तीनही तारांना, एकमेकींना लागणार नाही अशी. चकती बांधायची, उतरायचं, घोडी पुढं सरकवायची, परत चढायचं. माझ्या मांड्या भरून आल्या. साहेब बांधावर छत्री घेऊन बसले होते आणि बाभळींकडंच बघत होते. दोनला पाच मिनिटं असताना शेवटची चकती लागली. लाइन चालू केली. वारा आला आणि साठ-पासष्ट पिवळ्या-पांढऱ्या चकत्या एकदम हलायला लागल्या. एखाद्या जत्रेची माळ ताणावी तसं दिसत होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सारस त्या वेळी बोडीपलीकडं होते. संध्याकाळी ते परत येतील म्हणून आम्ही थांबलो. ते आले नाहीत.

शुक्रवारी आले नाहीत. शनिवारीही नाहीत. मी दोन्ही वेळा जाऊन बघत होतो. बांधी रिकामी. चकत्या वाऱ्यावर खडखड करत होत्या आणि तो आवाज मला आता नकोसा झाला होता. ज्या जागी त्यांनी घरटं चढवून अंडं वाचवलं, तिथूनच मी त्यांना हुसकून लावलं असं वाटत होतं. पिल्लाला अजून उडता येत नव्हतं. ते घेऊन ते कुठं पायी गेले असतील? कुत्री असतात, कोल्हे असतात.

रविवारी दुपारी सकवारबाईनं मला अंगणात बसवलं आणि काळा चहा दिला. मी म्हणालो, "मावशी, माझ्यामुळं गेले ते. काढून टाकतो चकत्या."

"तुझ्यामुळं नाई."

"मग?"

तिनं बशी खाली ठेवली. "तुले माहीत नाई. ही लाइन टाकाले आले तवा कोनी बांधीत पोल गाडू देईना. साऱ्याईनं नाई म्हटलं. आमचं गाव अंधारात. माझी पोरगी कंदिलाखाली शिकली, तिचे डोये जातीन असं मले वाटे. म्हनून मी म्हटलं, गाडा आमच्या बांधीत. हे नाई म्हनत होते," तिनं डोमाजीकडं बोट केलं, "पन मी गाडू देल्ले. गावात लाइट आला. पोरगी आता नर्स हाये साकोलीले. साऱ्याईनं माझं नाव घेतलं."

डोमाजी मान खाली घालून ऐकत होता.

"मंग दोन वर्षांखाली पिल्लू तारेत गेलं. माझ्या डोयांपुढं. धुकं होतं. आईबाप वळून गेले, ते सरळ गेलं. पडलं तर पानीही उडालं नाई तेवढं. त्याचे आईबाप तीन दिवस त्या तारेखाली उभे होते. खाल्लं नाई, हलले नाई. मले घरातून त्यायचा आवाज येत होता. मी लाइट बंद करून बसली होती."

चहा माझ्या हातात तसाच राहिला होता. आता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

"मावशी, एक सांगायचंय. तुम्ही त्या वर्षी आधीही तक्रार दिली होती. पिल्लू पडण्याच्या आधीच."

ती माझ्याकडं बघत होती.

"तार खाली आली आहे, पाखराचा पाय घासून गेला, अशी. तुमचा अंगठा आहे रजिस्टरला. तुम्ही दोन वर्षं झाली म्हणालात, म्हणून मी जुनं रजिस्टर काढून पाहिलं. खाली शेरा आहे, 'पाहणी केली, तार योग्य उंचीवर आहे.' सही माझी आहे." मी तसंच पुढं सांगितलं. "मी आलोच नव्हतो. ऑफिसात बसून लिहिलं. नवा होतो, पाऊस होता, वाट चिखलाची होती. एका पाखरासाठी कुठं जायचं, असं वाटलं."

 गोठ्यात म्हशीनं शेपटी हाणल्याचा आवाज आला.

"तवा तू आला असता तं..." ती म्हणाली आणि थांबली. मग तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला, अर्धा भरलेलाच, आणि घरात गेली.

डोमाजी उठला. "जा आता भाऊ. आता ती बोलनार नाई."

तीन दिवस मी चिंचटोल्याकडं फिरकलो नाही. कामं करत होतो, पण पोलावर चढलं की नजर आपोआप त्या दिशेला जायची. बोरकुटे साहेबांना सगळं सांगून टाकलं, रजिस्टरचंही. त्यांनी रजिस्टर मागवून तो शेरा स्वतः वाचला. मग म्हणाले, "त्या शेऱ्याखाली आज खरं काय ते लिही. तारीख घालून." मी लिहिलं. साहेबांनी खाली सही केली आणि माझी एक वेतनवाढ थांबवण्याची शिफारसही त्याच दिवशी टंकायला दिली. मला त्यांचा राग आला नाही. उलट त्या दिवशी जेवण नीट घशाखाली उतरलं.

गुरुवारी उजाडता उजाडता दारावर थाप पडली. डोमाजी सायकल धरून उभा. मफलरवर दव साचलेलं.

"चाल. बाईनं बोलावलं."

"काय म्हणाली?"

"म्हनाली, लाइनमनले आन."

मोटारसायकलवर मागं बसल्या बसल्या त्यानं सांगितलं. काल तो जाळं टाकायला बोडीच्या पार पलीकडच्या टोकाला गेला होता. तिथं बेशरमीच्या दाट झुडपाआड तिघंही होते. आई, बाप, पिल्लू, सुखरूप. चकत्यांचा आवाज ऐकून ते पिल्लाला घेऊन काठाकाठानं आणखी लांब चालत गेले असावेत. आणि काल संध्याकाळी, अगदी अंधारायच्या आधी, तसेच चालत परत आले. तारेजवळ येऊन थांबले. मान उंच करून चकत्यांकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग बाप पुढं झाला आणि तारेखालून चालत बांधीत आला.

धुकं एवढं होतं की बांध गाठेपर्यंत मला बांधी दिसलीच नाही. सकवारबाई घोंगडी पांघरून बसली होती. माझ्याकडं न बघताच तिनं शेजारची जागा हातानं झाडली.

"बस. बोलू नोको."

मी बसलो. थोड्या वेळानं मलाच राहवलं नाही. हळू आवाजात म्हणालो, "मला वाटलं, तुम्ही बोलावणार नाही."

"मलेही वाटलं होतं."

"मावशी, मी केलं ते..."

"मले माहीत होतं. तुझं नाव मले दोन वर्षांपासून माहीत हाये. तक्रारीचं का झालं म्हनून मी तुमच्या हापिसात गेली होती. तिथल्या एकानं वाचून दाखवलं, शिर्तोडेनं पाहनी केली. मी म्हटलं, कोन शिर्तोडे? कधी आला?" ती अजून समोरच बघत होती. "त्या दिवशी पोलावर तुले पाहूनच आली."

"मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीत?"

"बोलली असती तं तू पोलावरून खाली उतरला असता का?"

 तिनं घोंगडीचं एक टोक माझ्या गुडघ्यावर टाकलं.

पूर्वेकडं धुकं पिवळसर व्हायला लागलं. आधी आवाज आला. नराची एक लांब हाक, मागोमाग मादीच्या दोन, अगदी एकात एक गुंफलेल्या. मग ते दिसले. बांधीच्या त्या टोकाला तिघं ओळीनं उभे होते, वाऱ्याकडं तोंड करून.

बाप पळाला. पंधरा पावलं, वीस पावलं, पाणी उडत होतं. मग ते मोठं अंग उचललं गेलं. मागं आई. आणि तिच्या मागं पिल्लू, पाय इकडेतिकडे टाकत, पंख आपटत, आमच्या डाव्या बाजूनं गेलं. आणि ते उचललं गेलं. खरंच उचललं गेलं. सकवारबाईच्या तोंडून "माय" एवढाच शब्द निघाला आणि तिची बोटं माझ्या मनगटात रुतली.

आईबाप तारेच्या अलीकडंच डावीकडं वळले. पिल्लू सरळ चाललं होतं. धुक्यात तारा नव्हत्याच, फक्त हवेत टांगलेल्या पिवळ्या चकत्यांची एक रांग होती. पिल्लू त्यांच्यावर निघालं होतं. मी डोळे मिटले असते, पण मिटता आले नाहीत. चकत्यांपासून दहा हातांवर त्यानं अचानक पंख पुढं केले, पाय खाली सोडले, हवेतच उभं राहिल्यासारखं झालं. मग एका अंगावर कललं, वेडंवाकडं वळलं, तारेच्या कडेकडेनं आईच्या दिशेनं गेलं आणि पलीकडच्या कोपऱ्यात दाणकन उतरलं. उतरलं कसलं, कोसळलंच. तोंडावर. चिखलाचा फवारा उडाला.

सकवारबाई उठून उभी राहिली. घोंगडी पाण्यात पडली.

चिखलातून आधी एक पाय वर आला, मग दुसरा. पिल्लू उभं राहिलं. दालचिनी मान काळी झाली होती. त्यानं अंग झाडलं, पंख एकदा उघडून पाहिले, दोन्ही, आणि पुन्हा मिटले. आईबाप त्याच्या दोन बाजूंना उतरले आणि माना आभाळाकडं करून ओरडायला लागले. तो आवाज कोसभर जातो म्हणतात. त्या दिवशी त्याहूनही लांब गेला असेल.

सकवारबाई हसत होती. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं.

"पडला नं रे मेल्या," ती म्हणाली. "पन तारेत नाई, बांधीत पडला."